सहाचा रकाना

"घड्याळ सोमवारपासून बंद आहे, सिस्टर," मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या आणि बादली घेऊन पुढच्या खोलीत निघूनही गेल्या. शुक्रवार होता. सकाळचे पावणेआठ झाले होते आणि दुर्बिणीच्या खोलीतल्या भिंतीवर पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मी चवड्यांवर उभी राहून घड्याळाला एक टिचकी मारली, टिचकीने सेलमध्ये जीव येत असल्यासारखी. मग मावशींना हाक मारून नवा सेल आणायला सांगितलं, मशीन सुरू केलं, पलंगावर चादर घातली आणि तारीख टाकायला नेहमीसारखं रजिस्टर उघडलं. डाव्या पानावर गुरुवार होता. नाव, वय, पोट किती साफ, टोक गाठलं का, बाहेर यायला लागलेला वेळ. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सहा मिनिटं, सहा मिनिटं, सहा मिनिटं. माझंच अक्षर. शाळेपासून माझ्या अक्षराचं कौतुक होत आलंय; प्रत्येक सहाची शेपूट सारखी वळलेली. बुधवारचं पान उलटलं. मंगळवार. सोमवार. चार दिवसांत एकतीस माणसं आणि एकतीस सहा. घड्याळ बंद असताना मी एकतीस वेळा वेळ लिहिली होती आणि ते बंद आहे हे मला एकदाही दिसलं नव्हतं. खरं सांगायचं तर आधी मला हसू आलं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर डबा खाताना मीच ते तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितलं असतं. मग मंगळवारच्या पानावर शेवटच्या ओळीत मोठ्या जाऊबाईंचं नाव दिसलं. वय अठ्ठावन्न. पोट साफ: उत्तम. टोक गाठलं: हो. सहा मिनिटं. तिथे हसू थांबलं.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक माणसांना काही झालेलं नसतं. पन्नाशी ओलांडली, घरात कुणाला तरी आतड्याचा कॅन्सर झाला होता, तेव्हा एकदा बघून घ्या, असं कुणीतरी सांगितलं म्हणून आलेली ही धडधाकट माणसं. आदल्या दिवसापासून उपाशी, ते खारट-आंबट औषध पिऊन पिऊन जेरीस आलेली, मागून उघडा असलेला अंगरखा दोन्ही हातांनी धरून लाजत लाजत पलंगावर चढणारी. दुर्बीण म्हणजे करंगळीहून थोडी जाड, लांबलचक नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. आत जाताना फक्त वाट काढायची असते. बघायचं ते बाहेर येताना. आतडं आतून सरळ नसतं, त्याला घड्याच घड्या, आणि प्रत्येक घडीमागे डोकवावं लागतं, कारण तिथेच एखादा वाटाण्याएवढा कोंब दडून बसलेला असतो. आज निरुपद्रवी, आणखी आठ-दहा वर्षांनी जिवावर उठणारा. तो आजच खुडून टाकला की प्रश्न मिटला. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. म्हणून नियम असा की आतड्याच्या पार आतल्या टोकापासून परत यायला निदान सहा मिनिटं लागली पाहिजेत, त्याहून घाईने आलात तर तुम्ही पाहिलं नाही, नुसते येऊन गेलात. तसं पत्रक आलं त्या दिवशी हा रकाना रजिस्टरमध्ये आखला गेला. आखला मीच, फूटपट्टी लावून. मनगटावरचं घड्याळ हातमोजे घालायच्या आधी काढून ठेवावं लागतं, म्हणून भिंतीवर घड्याळ लावून घेतलं तेही मीच. सुरुवातीला "टोक" असं आमचे डॉक्टर सर म्हणाले की माझी मान वर जायची, आणि नळी बाहेर आली की परत वर. तेव्हाच्या पानांवर सात आहेत, साडेआठ आहेत, एक तेराही आहे. मग एकदा साडेपाच आले. साडेपाचाला सहा म्हणायला काय हरकत आहे, म्हणून मी सहा लिहिलं. पुढे पाचाचेही सहा झाले. मान वर जायची कधी थांबली ते मला आठवत नाही. ते आठवायचा प्रयत्न मी त्या सकाळी कितीतरी वेळ केला. पहिला पेशंट आत येऊन उभा राहिला तरी माझं बोट पानावरच होतं.

सरांबद्दल वाईट बोलायला माझी जीभ धजत नाही. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण मला कधी 'अगं-तुगं' केलं नाही. हात असा हलका की पेशंट उठून विचारतो, सुरू कधी करणार? बायका एकमेकींना त्यांचंच नाव सांगतात. दुर्बिणीसाठी लोक चार-चार महिने ताटकळत होते, तेव्हा दोन महिन्यांपूर्वी दुपारची यादीही सरांनीच सुरू केली. त्यात त्यांचा काही स्वार्थ नव्हता. सकाळी पाच, दुपारी तीन, एखादा आलाच नाही तर कमी. दुपारच्या तिघांच्या वेळी सर बोलायचे कमी, मधूनमधून उजवा खांदा चोळायचे, आणि नळी बाहेर येताना पडद्यावरचा तो गुलाबी बोगदा भराभर मागे पळायचा. हे मी पाहत होते. पाहत होते असं आता म्हणते. त्या वेळी मी पेशंटचा हात धरलेला असायचा, त्याच्या कपाळावरचा घाम टिपत असायची, आणि माझं काम मी चोख करतेय असं मला वाटायचं. पूर्वी मी पडद्याकडेही बघायची. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांना मी बोट दाखवून म्हटलं होतं, "तिथे काहीतरी आहे का?" तो निघाला फळाच्या बीचा तुकडा. डॉक्टर हसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर, पडदा माझा, पेशंट तुमचा." खोलीतले सगळे हसले, मीही हसले. पण मी अशी मानी, की त्या दिवसापासून पडद्याकडे पाठ करून उभी राहायची जागाच मी शोधून काढली. बावीस वर्षं त्याच जागी उभी आहे. कुणी विचारलं तर सांगायची, पेशंटचा चेहरा बघावा लागतो.

शुक्रवारचा पहिला पेशंट शिंपी होता, हसरा. "टोक," सर म्हणाले, आणि मी मनात मोजायला लागले. मावशींनी सेल अजून आणला नव्हता. एक, दोन, तीन. साठ झाले की एक बोट मिटायचं. मध्ये शिंपी काहीतरी म्हणाला, मी हूं म्हटलं, आकडा सुटला, परत धरला. चार बोटं मिटून पाचव्याचे वीस झाले तेव्हा नळी बाहेर होती. सर हातमोजे काढत होते. पेनाने सहाचं वळण घ्यायला सुरुवातही केली होती, बोटांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. मी पेन उचललं आणि रकाना मोकळा सोडला. सरांनी सही केली. त्यांना तो मोकळा रकाना दिसला नाही, कारण तेही तिकडे बघत नव्हते. मग सेल आला, घड्याळ चालू झालं, आणि दुपारपर्यंत मी चार, पाच, साडेचार असं लिहीत राहिले. 

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या डबे उघडून बसल्या आणि मी संगणकापुढे जाऊन बसले. दर तपासणीत दोन फोटो सक्तीचे: टोकाला पोचल्याचा एक आणि बाहेर निघताना शेवटचा. मशीन आपणहून कोपऱ्यात वेळ छापतं, सेकंदासकट. हजारो फोटो मी फायलींना लावलेत. एकातून दुसरा वजा करायचं माझ्या कधी डोक्यातही आलं नाही. जाऊबाईंचं नाव टाकलं. टोक: तीन वाजून बेचाळीस मिनिटं, दहा सेकंद. शेवटचा: तीन वाजून चव्वेचाळीस मिनिटं, पन्नास सेकंद. मी कागदावर वजाबाकी मांडून केली, दुसरीतल्या मुलीसारखी हातचे घेऊन, कारण मनात केलेल्या हिशेबावर आता माझा विश्वास राहिला नव्हता. दोन मिनिटं चाळीस सेकंद. तीन हात लांबीच्या, घड्याघड्यांच्या आतड्याला दोन मिनिटं चाळीस सेकंद. घरी भाजी निवडायला मी याहून जास्त वेळ घेते. शिवाय टोकाच्या फोटोत खाली पिवळट पाण्याचं डबकं साचलेलं, त्याखाली काय आहे कोण जाणे, आणि मी लिहिलं होतं, उत्तम. मग मी एकतीसच्या एकतीस काढले. सहाच्या वर भरले फक्त चार, तेही सकाळचे. दुपारचा एकही नव्हता.

जाऊबाई तीन वर्षं टाळत होत्या. आम्ही एकाच इमारतीत, त्या खाली, मी वर, जिन्यात भेटलं की मी विषय काढायची आणि त्या म्हणायच्या, "अगं, जरा दम खा, मरत नाही मी एवढ्यात." त्यांची आई आतड्याच्याच कॅन्सरने गेली. शेवटचे पाच महिने त्यांनी आईचं सगळं केलं, कूस वळवण्यापासून. मी लग्न होऊन नवी आले होते तेव्हा. एकदा डबा घेऊन गेले तर त्या आईच्या पायथ्याशी बसून एका चादरीची सारखी घडी घालत होत्या आणि ती उलगडत होत्या. त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे, आणि त्यांच्या तर असणारच. म्हणून त्या टाळत होत्या. भित्र्या म्हणून नव्हे, त्यांना सगळं ठाऊक होतं म्हणून. शेवटी गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "तू आत असशील तर येते. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." मंगळवारी मी त्यांचा हात धरून उभी होते. गुंगीत त्या माझा अंगठा घट्ट धरून होत्या. आणि दुसऱ्या हाताने मी सहा लिहिलं. बुधवारी त्यांनी वर येऊन बेसनाचं काहीबाही गोड दिलं, सगळं चांगलं निघालं म्हणून. डबा अजून परत द्यायचा होता.

संध्याकाळी यादी संपल्यावर मी सरांच्या खोलीत गेले. त्यांच्यापुढे कागद ठेवला: एकतीस नावं, प्रत्येकापुढे दोन्ही फोटोंच्या वेळा आणि वजाबाकी, माझ्या चांगल्या अक्षरात. सर चहा पीत होते. कागद वाचता वाचता कप खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला करायला?"

"कुणी नाही. घड्याळ बंद होतं."

"पण रजिस्टरमध्ये सहा तुम्हीच लिहिलंत ना, सिस्टर?"

"हो. मीच लिहिलं. म्हणून तर आले."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी घरी जाऊन रडून मोकळी झाले असते. पण ते म्हणाले, "परत बोलवावं लागेल सगळ्यांना. तुमचं बरोबर आहे." माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी जाऊबाईंचा फोटो उघडला, त्या डबक्यावर बोट ठेवलं. "बघा, तयारी नीट झालीच नव्हती. बहुतेकांची अशीच असते. आपण तसंच कळवू. पोट नीट साफ नव्हतं, तपासणी परत करायची. कुणाला धक्का नको, रुग्णालयाचं नाव खराब व्हायला नको, आणि लोक येतीलही. काम झालं म्हणजे झालं ना?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "उद्या-परवा विचार करते," म्हटलं. बाहेर पडल्यावर रस्ताभर मला ते म्हणणं पटत होतं. लोक परत येणार, परत तपासले जाणार, कोंब असेल तर सापडणार. मग खरंखोटं करत बसायचं कुणासाठी? बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई पिशवीतली औषधं मोजत बसली होती, चिठ्ठी आणि गोळ्या, चिठ्ठी आणि गोळ्या. तिला लिहिलेलं सगळं खरं वाटत होतं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

शनिवारी सकाळी डबा घेऊन खाली गेले. भावजी बाहेर गेले होते. जाऊबाई ओट्याशी होत्या, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "बरं झालं आलीस. एक सांगायचंय, पण रागावू नकोस." मग पदराने हात पुसत, शाळकरी मुलीच्या आवाजात, "ते औषध गं. सकाळी प्यायची दुसरी बाटली. अर्धी प्यायले आणि उरलेली बेसिनमध्ये ओतली. उलटीच येत होती. तुला सांगितलं असतं तर तू माझं नाक दाबून पाजली असतीस. तेव्हापासून मनाला खातंय. त्यामुळे काही चुकलं तर नाही ना?"

देवाने ताटात वाढून दिल्यासारखं होतं ते. खोटंही बोलायला नको. नुसतं म्हणायचं, हो जाऊबाई, तुमच्या त्या बाटलीने घोळ केला, परत करावं लागेल. त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं असतं, माझी माफी मागितली असती, पुढच्या वेळी थेंब न थेंब प्यायल्या असत्या. मी आयुष्यभर त्यांच्या लेखी शहाणी राहिले असते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. खरंच तयार होतं, मी त्याचा पहिला शब्द उच्चारलाही, "तुमची". मग त्यांचा चेहरा दिसला. अपराधी, हसरा, माझ्याकडून रागावून घ्यायला तयार. तीस वर्षांत या बाईने माझी बाळंतपणं केली, माझी धुसफूस पोटात घातली, आणि आता माझ्याच गुन्ह्याची माफी मागायला उभी होती. मला स्वतःची किळस आली.

"तुमची बाटली नंतर बघू," मी म्हटलं. "आधी माझं ऐका. तुमची तपासणी अडीच मिनिटांत उरकली. सहा लागायला हवी होती. मी सहा लिहिलं."

त्यांना कळायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं. घड्याळ, रकाना, फोटो, एकतीस जण, शुक्रवारचा तो हसरा शिंपी, सर काय म्हणाले ते. त्या स्टुलावर बसल्या. "म्हणजे खोटं लिहिलंस?"

"हो."

"माझ्या नावापुढे?"

"हो. सगळ्यांच्याच नावापुढे. बघून लिहितच नव्हते मी."

त्या उठल्या आणि धुतलेली भांडी परत धुवायला लागल्या. पाण्याचा आवाज मोठा होता, तरी त्या हळूच बोलल्या ते मला ऐकू आलं. "मी ओतलं ते माझ्या जिवावर ओतलं. तू कुणाच्या जिवावर लिहिलंस?" मी तिथेच उभी राहिले. जायचं नाही एवढं मात्र ठरवलं होतं. त्यांनी हाकललं तरी जायचं नाही. थोड्या वेळाने नळ बंद झाला. "आणि त्या शिंप्याला काय सांगणार? त्यानेही बाटली ओतली म्हणणार? तो बिचारा शहाण्यासारखा सगळी प्यायला असेल. तो बसेल विचार करत, माझं काय चुकलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळे लाल, पण रडत नव्हत्या. "सोमवारी जाऊन सांग त्या डॉक्टरला. नसेल जमत तर मी येते." मी म्हटलं, "जमेल." त्या म्हणाल्या, "डबा ठेव तिथे आणि जा आता. मला तुझं तोंड बघवत नाहीये." मी वर आले. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच मला काय करायचंय ते लख्ख ठाऊक होतं.

रविवारचा दिवस मी वहीत वाक्य लिहिण्यात घालवला. एकतीस वेळा, आणि शुक्रवारची व मागच्या आठवड्यांतली माणसं धरली तर आणखी कितीतरी वेळा फोनवर म्हणायचं वाक्य. 'काही कारणाने' लिहिलं, खोडलं. 'तांत्रिक अडचण' लिहिलं, खोडलं. आपल्याकडे कुणी मुद्दाम चूक करत नाही, चूक नेहमी आपोआप होते, वाक्यंही तशीच बनवून ठेवलेली आहेत. शेवटी उरलं ते असं: "तुमची तपासणी आम्ही घाईने केली आणि वेळ खोटी लिहिली. ती परत नीट करायची आहे. तुमची काही चूक नाही." वाचून बघितलं तर अंगावर काटा आला. पण एकही शब्द कमी करता येत नव्हता. सोमवारी यादी सुरू व्हायच्या आधीच मी तो कागद सरांपुढे ठेवला.

"नोकरी जाईल, सिस्टर. तुमची आधी," सर म्हणाले. धमकी नव्हती ती. काळजीच होती.

"जाऊ दे. पण तयारीचं कारण मी कुणाला सांगणार नाही. आणि तुम्ही दुसऱ्या कुणाकडून सांगायला लावलंत, तर मी वरच्या साहेबांकडे कागद घेऊन जाईन." मला माझाच आवाज अनोळखी वाटला. तेवीस वर्षांत डॉक्टरांशी बोलताना माझ्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नसल्याची ही पहिली वेळ असावी.

सरांनी कागद पुढे ओढला. माझं वाक्य वाचलं नाही. एकतीस नावांचा जुना कागद परत काढला आणि दुपारच्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. दोन दहा. दोन चाळीस. तीन पाच. "माझा समज होता मी सगळं बघतो," ते म्हणाले. "खरंच तसं वाटायचं मला. हात जातोय म्हणजे डोळे बघतायत असं." मग खांदा चोळला आणि हातातलं पेन टेबलावर टाकलं. "दुपारची यादी आजपासून बंद. दोन महिन्यांचे फोटो काढा, दुपारचे सगळे आणि सकाळचे सहाच्या खालचे. साहेबांना मी सांगतो, माझ्या तोंडाने. आणि फोन निम्मे मी करतो." फोन करता करता माझा घसा बसला. काही जण चिडले, एकाने वकिलाचं नाव घेतलं, बऱ्याच जणांनी एवढंच विचारलं, कधी येऊ? शिंप्याने विचारलं, "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर सांगितलं असतं का हो?" मी त्याला परत यायची तारीख सांगितली. साहेबांनी आम्हा दोघांची चौकशी लावली. ती अजून चालू आहे.

जाऊबाईंचा नंबर पुढच्या आठवड्यात सकाळी पहिला लावला. दहा दिवसांत त्या माझ्याशी चार शब्द बोलल्या असतील, त्यातले दोन "हूं" आणि "बरं". पण औषध पूर्ण प्यायल्या होत्या. सकाळी सहाला जिन्यात उभ्या राहून रिकामी बाटली त्यांनी मला उलटी करून दाखवली. आणि पलंगावर आडव्या झाल्यावर सरांना म्हणाल्या, "मला गुंगीचं काही देऊ नका. मला बघायचंय." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दुखेल, जाऊबाई." "दुखू दे." मग मी माझी नेहमीची जागा सोडली आणि त्यांच्या उशाशी, पडद्यासमोर, त्यांच्यासारखीच तोंड करून उभी राहिले. त्यांचा हात मी धरला नाही, त्यांनीही पुढे केला नाही. आत जाताना त्यांनी दोनदा ओठ चावला. "टोक," सर म्हणाले. घड्याळ मोठ्याने वाचायची मी आता सवय केली होती. "आठ वाजून एकोणीस."

सर सावकाश येत होते. घडी बाजूला सारायची, मागे डोकवायचं, पाणी सोडायचं, ओढून घ्यायचं, परत तिथेच जायचं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहत होते असं म्हणायला हवं. ओलसर, चकचकीत, बाळाच्या टाळूसारखं लुकलुकणारं ते सगळं. तिसऱ्या मिनिटाला माझ्या मानेला रग लागली. चौथ्याला डोळ्यांना. तेव्हा मला सरांच्या दुपारचं थोडं कळलं. पाचवं मिनिट सरत असताना एका घडीची कड सरांनी जरा उचलली, आणि तिच्यामागे, सपाट, भोवतालच्याच रंगाचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक उंचवटा होता. आम्हा तिघांनाही एकदमच दिसला. "हा," सर म्हणाले. मी तारेचा फास दिला, त्यांनी तो अलगद अडकवला, आवळला, आणि कोंब सुटून आला. रक्ताचा एक ठिपका, तोही थांबला. मागच्या वेळी तो तिथेच होता. मागच्या वेळी आम्ही त्याच्या शेजारून गेलो होतो. जाऊबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत उशीवर चाललं होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मी पलंगाचा कठडा धरला. सापडला. मिळाला. काढला. सरांचे खांदे खाली आले, त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला, पहिल्यांदाच हसले, आणि नळी मागे यायला लागली. हलकी, मोकळी, पूर्वीसारखी भराभर. मलाही तेच हवं होतं. मला बाहेर जाऊन कुठेतरी भिंतीला टेकून बसायचं होतं. पडद्यावर घड्या एकापाठोपाठ एक पळत होत्या, आणि जाऊबाई रडत हसत माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "झालं ना गं? मिळाला ना? आता काढा म्हणावं बाहेर."

"सर, परत आत चला, कोंब होता तिथपर्यंत," मी म्हटलं. "आणि जाऊबाई, पडून राहा. अजून अर्धं आतडं बघायचं राहिलंय."